कापसाचा खटला ब्राझील जिंकला, पण बेनिनच्या हाती काय आलं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इंडोनेशियाने निकेलचं कच्चं खनिज बाहेर पाठवणं बंद केलं, जागतिक व्यापार संघटनेत तो हरला, तरी बंदी चालूच आहे. साखरेत भारत हरला, तरी एफआरपी, म्हणजे उसाला सरकारने ठरवून दिलेला किमान दर, चालूच आहे. मग अमेरिका-युरोपलाच दोष का द्यायचा, नियम तर सगळेच मोडतात?

सगळे मोडतात हे खरं आहे. पण कोणाला ते किती महागात पडतं, यात फार फरक आहे. यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये माझी तीस वर्षं गेली, म्हणून कापसापासूनच सांगतो.

सकाळी पहिली गाडी वजनकाट्यावर यायच्या आधी न्यूयॉर्कचा रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव आमच्याकडे आलेला असायचा. शेतकऱ्याचा कापूस हातात घ्यायचा, चिमटीत धागा ओढून लांबी बघायची, ओलावा बघायचा. पण तोंडातून निघणारा आकडा आधीच न्यूयॉर्कवरून ठरलेला. 2001-02 मध्ये रुई पाऊंडाला 40 सेंटच्या आसपास घसरली होती. एवढा भाव पडल्यावर कोणीही पेरा कमी करतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला तेवढा कमी करावा लागला नाही, कारण पडलेल्या भावाची भरपाई त्याला सरकारकडून मिळत होती. तिथला माल बाजारात येतच राहिला आणि भाव आणखी दबला.

ब्राझीलने 2002 मध्ये अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. चार वर्षांत अमेरिकेने आपल्या कापसावर सुमारे साडेबारा अब्ज डॉलर ओतले, असं त्यांनी मांडलं. 2005 मध्ये संघटनेच्या अपील मंडळातही ब्राझील जिंकला. तरी अमेरिकेचं बरंचसं अनुदान चालूच राहिलं. शेवटी 2009 मध्ये ब्राझीलला अमेरिकन मालावर, इतकंच नाही तर पेटंटसारख्या हक्कांवरही, बदल्याची कारवाई करायची परवानगी मिळाली. तेव्हा अमेरिका बोलणीला बसली. आपलं अनुदान बंद करण्याऐवजी तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटवलं.

याच खटल्यात आफ्रिकेतले बेनिन आणि चाड हे देश त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होते. बुर्किना फासो आणि माली यांना सोबत घेऊन या चार देशांनी 2003 पासून कापसाचा प्रश्न संघटनेत लावून धरला आहे. तक्रार तीच, नुकसान तेच, आणि ब्राझीलपेक्षा त्यांचा जीव कापसावर कितीतरी जास्त अवलंबून. त्यांच्या पदरात या तडजोडीतून थेट भरपाई पडली नाही. कारण निकाल अमलात आणायचं शेवटचं हत्यार म्हणजे समोरच्याच्या मालावर जकात वाढवणं. बेनिन अमेरिकेचा कोणता माल अडवणार? जो थोडाफार येतो तो अडवला तर भुर्दंड बेनिनच्याच लोकांना. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

मोजमापाचंही तसंच. बाजारावर परिणाम करणाऱ्या शेती-अनुदानासाठी अमेरिकेला वर्षाला 19.1 अब्ज डॉलरची मर्यादा मिळालेली आहे, कारण संघटनेचा 1994 चा शेती करार झाला तेव्हा ती आधीच भरमसाट अनुदान देत होती. आपण देत नव्हतो, म्हणून आपल्याला त्या-त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या 10 टक्के एवढंच. आणि हिशेब करताना आजचा भाव 1986-88 च्या भावाशी ताडायचा, फरक तेवढा आधार धरायचा. साखरेच्या खटल्यात भारताने सांगितलं की एफआरपी कारखाने देतात, सरकारी तिजोरीतून त्यात रुपयाही जात नाही. डिसेंबर 2021 मध्ये खटला ऐकणाऱ्या पॅनेलने ते मान्य केलं नाही: भाव सरकारने ठरवला, म्हणजे तो आधार धरायचा. 2018-19 ची एफआरपी क्विंटलला 275 रुपये होती. तिच्यातून तीस वर्षांपूर्वीचा भाव वजा केला तर दहा टक्क्यांत कोण बसेल? याच खटल्यातल्या साखरेच्या निर्यात अनुदानावर मात्र आपली बाजू मला कधीच भक्कम वाटली नाही, हेही सांगून टाकतो.

आता निकेल. पैशाने दिलेलं बहुतेक अनुदान मुळात बेकायदा नसतं. त्याने दुसऱ्याचं नुकसान झालं हे सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. निर्यातबंदी मात्र गॅटच्या, म्हणजे संघटनेच्या मूळ व्यापार कराराच्या, अकराव्या कलमाने थेट निषिद्ध आहे, पुढचे अपवाद मोजके. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो अनुदान देऊन कारखाना उभारतो. ज्याच्याकडे नुसती खाण आहे, त्याच्या हातात खनिज अडवून ‘कारखाना इथे काढा’ म्हणणं एवढंच असतं, आणि नेमकं तेच मना. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर धातू गाळणाऱ्या भट्ट्या कोळशावर चालतात, तिथल्या जंगलाचे आणि समुद्राचे हाल झालेत, त्यामुळे ही बंदी फार पवित्र होती असं मी म्हणणार नाही. पण नियमाचा कल कुठे आहे ते यातून दिसतं.

आणि हरूनही बंदी चालू कशी? अपील मंडळावर नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या, डिसेंबर 2019 पासून ते ठप्प आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये निकाल विरोधात गेल्यावर इंडोनेशियाने अपील केलं. ऐकायला कोणी नाही, म्हणून निकाल लागू होत नाही. साखरेत भारताने जानेवारी 2022 मध्ये हेच केलं. खुद्द अमेरिकेनेही सौरऊर्जेच्या खटल्यात 2019 मध्ये भारताकडून हरल्यावर अपीलच केलं होतं. त्याआधी, 2016 मध्ये, सौर पॅनेल देशी वापरायच्या अटीवर अमेरिकेनेच आपल्याला हरवलं होतं. तेव्हा मंडळ चालू होतं, आपल्याला ती अट सोडावी लागली.

शेवटी तुम्ही विचारलंय, भारताने करावं काय. अनुदानित आयातीने इथल्या शेतकऱ्याचं नुकसान होतंय हे चौकशीत दाखवता आलं, तर जिनिव्हातल्या संघटनेच्या निकालाची वाट न बघता प्रतिशुल्क, म्हणजे त्या अनुदानाला तोड म्हणून आयातीवर जादा शुल्क, लावता येतं. कापसात आपण उलट केलं. ऑगस्ट 2025 मध्ये 11 टक्के आयातशुल्क उठवलं, आणि आधी सप्टेंबरअखेरपर्यंत असलेली सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांची अडचण खरी आहे, अमेरिकेने आपल्या कापडावर जकात चढवली होती. पण लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये असताना, नेमका वेचणीच्या दिवसांत परदेशी कापूस बिनशुल्क आत आला, आणि त्यातल्या अमेरिकन गाठींमागे तिथल्या सरकारचं अनुदान उभं होतं.