सीएनजीवर बोनेटमधून धडाम: इंजिन खोलण्याआधी एवढं बघा

तुमची गाडी पेट्रोलवर ठणठणीत चालते आणि सीएनजीवर सिग्नलवरून उचलताना बोनेटमध्ये धडाम होऊन एअर फिल्टरचं झाकण उडतं. किट बाहेरून बसवलेलं, जुनं मिक्सरवालं. मेकॅनिक इंजिन खोलू म्हणतोय. तूर्तास खोलू देऊ नका.

आधी आवाज पुढून येतो की मागून ते ठरवायचं. सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील तर न जळलेलं इंधन तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतंय. (पोरं बाइकवर मुद्दाम वाजवतात तो हाच प्रकार. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते, ते कोणी सांगत नाही.) तुमचा भडका उलट्या दिशेनं, इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत यायच्या वाटेत जातोय. म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडताना आत काहीतरी पेटलेलं असतं, नाहीतर व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही.

पेट्रोलचा इंजेक्टर व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारतो, त्यामुळे मागे बहुतेक नुसती हवा असते. मिक्सर किटमध्ये गॅस थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधीच मिसळतो आणि तिथून सिलिंडरपर्यंतची सगळी वाट पेटत्या मिश्रणाला मोकळी मिळते. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सुटतो, म्हणून तिथे झाकणं क्वचितच उडतात.

माझा पहिला संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर. गॅसवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यातून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढून आणखी लागतं. पेट्रोलवर कसंबसं निभावणारी कॉइल (ती हे व्होल्टेज तयार करते) आणि ते प्लगपर्यंत नेणारी केबल नेमकी तिथेच उघडी पडते. बऱ्याच जुन्या इंजिनांत एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, एकाला कामाची आणि दुसऱ्याला फुकटची. कामाची ठिणगी हुकली की मिश्रण तसंच आत उरतं, आणि पुढची फुकटची ठिणगी ते पेटवते ती बरोबर इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी. झालं, धडाम.

इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढा आणि उजेडात धरून पांढरा भाग नीट बघा. त्यावर पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ असेल तर करंट टोकाला न पोचता बाहेरूनच बॉडीला उतरतोय. केबलची रबरी टोपी उलटवून बघा, तीच रेघ आतूनही सापडेल. अशा वेळी फक्त प्लग बदलले आणि टोपी जुनीच ठेवली तर नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटते. ‘प्लग बदलून बघितले, फरक नाही’ असं लोक म्हणतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. प्लग आणि केबल एकदमच बदला. गॅसवर प्लगच्या टोकांमधली गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात, पण इरिडियम प्लग असेल तर टोक वाकवायच्या फंदात पडू नका.

एवढं करून थांबलं नाही तर मिश्रण बघा. पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, सीएनजीला १७ पटींच्या आसपास. हवेच्या मानानं गॅस कमी पडला की मिश्रण रेंगाळत जळतं आणि व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत धुमसत राहतं. गॅस फिल्टर तुंबलेला, रेड्युसरचा (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) पडदा कडक झालेला, नाहीतर व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असू शकतो. ट्यूनिंग याच्यानंतर करायचं. पुष्कळ ठिकाणी आधी स्क्रू फिरवतात आणि खरा दोष झाकून टाकतात.

शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट. गॅस कोरडा असल्यानं व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ही फट हळूहळू बुजते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड इंजिनवर फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या, इंजिनच्या पुस्तकातला आकडा धरा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा प्रश्न नाही. फट बरोबर असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्यावर कमी आलं, तरच हेड खोलायची भाषा करा.

तोवर गाडी पेट्रोलवरच चालवा. झाकणाची क्लिप तुटली म्हणून तारेनं आवळून बांधू नका. पुढच्या भडक्याचा दाब रबरी होज फाडेल, नाहीतर प्लास्टिकचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणारा पाइप. आणि बोनेट उघडल्यावर गॅसचा वास आला तर आधी सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह हातानं बंद करा, बाकीचं नंतर.