मुलांसोबत बाग आणि भटकंती सुरू करताना

घरातल्या सगळ्यांनी मिळून बाग करायची असे तुम्ही ठरवले आहे, तर पहिल्या वर्षी जागा मुद्दाम लहान ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. चार कुंड्या किंवा 1 चौरस मीटरचा वाफा पुरेसा आहे. मुलांचा धीर लवकर सुटतो, म्हणून सुरुवात मुळ्याने करावी, कारण त्याचे बी साधारण 4 ते 6 दिवसांत उगवते. पाणी वेळापत्रकाप्रमाणे घालू नये. बोट मातीत 2-3 सेंटीमीटर खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच घालावे. माझ्या पाहण्यात नवख्यांची रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात, कारण मातीतल्या हवेची जागा पाणी घेते आणि मुळे कुजतात.

फेरफटक्यासाठी मात्र दर वेळी नवी वाट शोधू नये. एकच वाट आणि तिच्यावरचे एकच झाड निवडून दर पंधरवड्याला त्याच्याकडे जावे आणि कळी कधी फुगली, पालवी कधी फुटली, पाने कधी पिवळी पडली, हे मुलांनी तारखेसह वहीत नोंदवावे. पान पिकताना पिवळा रंग नव्याने तयार होत नाही, तर हरितद्रव्य नाहीसे झाल्यावर आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो, हे त्याच झाडाखाली उभे राहून सांगितले की मुले ते विसरत नाहीत. गळलेली पाने घरी आणून वाफ्यावर सुमारे 5 सेंटीमीटर जाडीने पसरावीत. रोपाच्या खोडाला ती टेकू देऊ नयेत.