जीपीयू-झेडमधला आकडा बघून मदरबोर्ड बदलू नका

तुमची पोस्ट वाचली. लॅपटॉपवर एडिटिंग अडखळतंय, प्रोसेसर रायझन ७ ५८००एच, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) 'एक्स१६ ४.० @ एक्स८ १.१' दिसतंय आणि सर्व्हिसवाले मदरबोर्ड खराब म्हणतायत. सेम केस माझी होती, म्हणून लिहितोय.

हा आकडा कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीचा (पीसीआय एक्सप्रेस): एक्स८ म्हणजे ८ लेन, म्हणजे डेटाच्या ८ वाटा, आणि १.१, ३.० किंवा ४.० ही जोडणीची पिढी, म्हणजे वेग. @ च्या आधीचं कार्डाची कुवत सांगतं, नंतरचं त्या क्षणाची जोडणी. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग १.१ वर येतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट (कार्डाला काम, म्हणजे लोड देणारी चाचणी) लावा, ३.० व्हायला हवं. ४.० होणार नाही, कारण तुमचा प्रोसेसरच ३.० चा आहे आणि ग्राफिक्सला ८ च लेन देतो. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे.

मला हे कुणी सांगितलं नाही. इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही) लोड न देताच त्या आकड्याचा फोटो काढला आणि लॅपटॉप पुण्याला धाडला. ऐन लग्नसराईत! एडिटिंगची कामं दुसऱ्यांकडे गेली, फोन केला की 'पार्ट आला नाही सर'. नवा बोर्ड बसला, बिल भरलं, घरी येऊन बघतो तर आकडा तोच. विचारायला गेलो तर जॉबशीटवर आधीच 'ग्राहक समाधानी' लिहिलेलं. याचा राग अजून आहे. तपासणी तुमच्यासमोर, लोड देऊनच करायला लावा, आणि लेखी घ्या.

आता बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. एक्स८ ३.० म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. कार्डाची स्वतःची ६ जीबी मेमरी सेकंदाला ३३६ जीबीने धावते. म्हणून काम त्या ६ जीबीत मावतंय तोवर ही वाट अरुंद असल्याचं फारसं जाणवत नाही. ती मेमरी भरून डेटा लॅपटॉपच्या रॅमवर सांडला की मात्र एडिटिंगची टाइमलाइन अडखळते. माझ्या मते तुमचा त्रास तिथेच आहे, किंवा रॅमची एकच कांडी असेल, मग रॅमही हळू चालते. (मी इंजिनिअर नाही, अनुभवावरून बोलतोय.) लोडखालीही १.१ च राहिलं किंवा एक्स८ चं एक्स१ झालं, तर खरंच दाखवा.

चार्जर लावूनच टेस्ट करा, बॅटरीवर कार्ड दबून चालतं. आणि सोलापूरचा मे महिना आहे, ४२ डिग्रीत बंद खोलीत रेंडर लावलात तर कार्ड तापून मंदावणारच. आधी पंख्याची धूळ काढा.

लोडखालचा स्क्रीनशॉट आणि रॅमच्या किती कांड्या आहेत ते इथे टाका, बघून सांगतो. तोवर त्यांना ॲडव्हान्स देऊ नका.