मागच्या चाकाचा टायर आतून का झिजतो?

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक घाटात खड्ड्यात जोरात आदळली. तेव्हापासून सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडे डावीकडे धरावे लागते आणि मागचा डावा टायर आतल्या कडेने झिजतो आहे. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट दोनदा करूनही फरक पडला नाही.

उत्तर : दोष पुढे नसून मागे असावा. मागचे डावे चाक पुढच्या बाजूने बाहेर वळले की ते गाडीची शेपटी डावीकडे ढकलते, गाडी उजवीकडे जाऊ पाहते आणि तुम्ही नकळत डावीकडे स्टिअरिंग धरता. टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा बोचरा लागला, तर दोष ‘टो’चाच, म्हणजे चाक पुढच्या बाजूने आत किंवा बाहेर वळल्याचा, समजावा.

चारही चाकांच्या अलाइनमेंटची मापे घेऊन छापील अहवाल मागा, मात्र त्याआधी हवेचा दाब, बेअरिंगमधील खेळ (ढिलेपणा) आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) तपासून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा पोलादी आडवा दांडा) असतो व त्यात टो बदलण्याची सोय नसते, म्हणून ‘मागचे होत नाही’ असे सांगून गॅरेजवाले मोकळे होतात. तरीही वाकलेला स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड दांडा) किंवा बीम बदलता येतो आणि फरक किरकोळ असल्यास, कंपनीची परवानगी असेल तर, हबमागे (चाक ज्यावर बसते त्या भागामागे) शिम, म्हणजे कोन जुळवणारी पातळ चकती, बसवता येते. बीम तापवून किंवा ठोकून सरळ करू देऊ नका, कारण त्याने पोलादाची ताकद जाते. मागचे काम झाल्यावरच पुढचे अलाइनमेंट करावे.