म्हातारं मांजर गेल्यावर, आणि नवीन यायच्या आधी

अगं,

तुझा मोठा मेसेज दोनदा वाचला, आणि हे फोनवर नीट बोलणं होणार नाही म्हणून लिहायला बसलेय. मनीला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि तुला रोज रात्री पिल्लांचे अडॉप्शनचे फोटो बघावेसे वाटतात, मग स्वतःचाच राग येतो, असं तू लिहिलंयस. राग नको करूस. ती तुमच्याकडे आली तेव्हा तू शाळेत होतीस, १७ वर्षं घरात मांजर होतं, पहाटे पाचला पायाशी येऊन उठवणारं कोणीतरी होतं, आता ते नाहीये तर हात मांजर शोधणारच ना. ते मनीला विसरणं नाहीये.

पण आधी तुझ्या मनात जे डाचतंय ना, "मला आधी का नाही कळलं", ते बोलू. कारण ते तसंच ठेवून दुसरं मांजर आणलंस तर त्याच्या प्रत्येक शिंकेला तुझ्या पोटात गोळा येईल. म्हाताऱ्या मांजरांना किडनीचा त्रास खूप कॉमन आहे. आणि ब्लड रिपोर्टमध्ये क्रिएटिनीन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं दिसतं तोपर्यंत किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेलेलं असतं. मांजर दुखणं दाखवत नाही, जास्त पाणी पितंय, जास्त लघवी करतंय, वजन हळूहळू उतरतंय एवढंच दिसतं आणि घरातल्यांना वाटतं वय झालं, उन्हाळा आहे. गेलेली किडनी परत येत नाही. तू जे केलंस, रोज कातडीखाली सलाइन, ओलं खाणं कोमट करून देणं, ठिकठिकाणी पाण्याच्या वाट्या, त्याने तिचे दिवस सुसह्य झाले, त्यापलीकडे कोणाच्याच हातात फार काही नसतं.

आणि शेवटचं इंजेक्शन. तुला वाटतंय घाई केली. तूच लिहिलंयस की ती दोन दिवस वाटीकडे तोंड फिरवत होती, लिटरच्या (शी-शूच्या) ट्रेपर्यंत चालत जाता येत नव्हतं आणि अंग चाटणं तर तिने कधीच सोडलं होतं. मांजर स्वतःला चाटायचं सोडतं तेव्हा ते खूप थकलेलं असतं गं. मी इतकी वर्षं आजारी मांजरं फॉस्टर करतेय, म्हणजे तात्पुरती घरी सांभाळतेय, माझं ठाम मत आहे की तू वेळेवर थांबलीस. भूल देऊन, तुझ्या मांडीवर, ओळखीच्या आवाजात ती गेली. हे तिच्यासाठी तूच करू शकत होतीस.

ऑफिसात कोणीतरी "मांजरच तर होतं" म्हणालं ना, त्याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नको. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातलं मांजर आपल्या मरणाने मेलं की घरातले सगळे भुवया भादरायचे. लोकांनी याचं सुतक पाळलेलं आहे. तू तिला मालाडला महापालिकेच्या प्राण्यांच्या दाहिनीत नेलंस ते फार बरं केलंस. ती २०२३ मध्ये सुरू झाली, त्याआधी मुंबईत फ्लॅटमधल्या माणसाने आपलं मांजर न्यायचं कुठे हाच मोठा प्रश्न असायचा.

आता नवीन मांजर. तू मला तीन फोटो पाठवलेस आणि तिन्ही तिरंगी, तिन्हींच्या नाकावर काळा डाग, मनीसारखाच. तिथे मात्र थांब. २००१ मध्ये टेक्सासला एका तिरंगी मांजरीचा क्लोन केला होता, जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर, सगळी गुणसूत्रं त्याच मांजरीची, आणि पिल्लू जन्मलं ते पांढरं आणि करडं पट्टेवालं, केशरी रंगाचा पत्ता नाही, कारण अंगावर कुठे कोणता रंग उतरणार हे गर्भात वाढताना ठरतं. लॅबमध्ये जमलं नाही ते तुला अडॉप्शनच्या फोटोंत कुठे सापडणार? आणि चेहरा जुळलाच तर त्या बिचाऱ्या पिल्लाची रोज परीक्षा होईल, मनी असं करायची नाही, मनी मांडीवर बसायची, ही का बसत नाही. फोटो बघताना डाग न शोधता "हे कसं असेल, घाबरट असेल का, खादाड असेल का" असं मनात यायला लागलं की समज तू तयार आहेस. त्याला दोन आठवडे लागोत नाहीतर दोन वर्षं, कॅलेंडर बघू नकोस.

तुझी आई "आता परत मांजर नको" म्हणतेय त्याला तू कठोरपणा म्हणतेस, मला नाही तसं वाटत. दुपारी तू ऑफिसात असताना मनीची ओकारी कोण पुसायचं, गोळी भरवताना ओरखडे कोण खायचं? आईला पुन्हा एक जीव जाताना बघवणार नाहीये, बास एवढंच आहे ते. तिला पटवायला जाऊ नकोस, आधी तिच्याजवळ बसून मनीबद्दल बोल, तिला रडू दे. आणि एक व्यवहाराचं पण बोलून घ्या: घरात राहणारं मांजर सहज १५ वर्षं जगतं, तुझं लग्न, बदली, परदेश, यात ते कोणाकडे राहणार? हे ठरल्याशिवाय आणायचं नाही.

म्हणूनच मी तुला पिल्लू सुचवत नाहीये. तू दिवसभर ऑफिसात, खेळायला दुसरं मांजर नाही, एकटं पिल्लू पडदे फाडेल नाहीतर रडेल. शिवाय आत्ता पावसाळ्यात जी पिल्लं लोक कुठूनही उचलून आणतात ती बऱ्याचदा आठ आठवड्यांच्या आतली असतात, आईपासून फार लवकर तोडलेली, ट्रायकॅटची लस झालेली नसते आणि पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या साथीच्या आजाराने, दोन दिवसांत जातात. तो धक्का तुला आत्ता सोसवणार नाही. (तुमच्या घरात मात्र संसर्गाची भीती नाही, मनीचा आजार पसरणारा नव्हता. पॅनल्युकोपेनियाने मांजर गेलेलं असेल तर तो व्हायरस घरात महिनोन्महिने टिकतो, तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचंच नाही.) मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि त्यांना कोणी विचारत नाही गं, सगळ्यांना पिल्लंच हवी असतात.

जे येईल त्याला मनीच्या वाट्या खुशाल दे, गरम पाण्याने धुऊन. नाव नको देऊस. तिची जुनी ट्रे आणि चादर टाकून दे, दुसऱ्या मांजराच्या वासावर नवं मांजर बावरतं. आधी एकाच खोलीत ठेव, लिटर एका कोपऱ्यात, खाणं त्याच्यापासून लांब, एक आडवा खोका लपायला. ते पलंगाखाली बसलं तर बसू दे, हात घालून ओढायचं नाही, तू जमिनीवर बसून मोबाईल बघत राहा, ते येईल. पण लपणं वेगळं आणि न खाणं वेगळं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वेटकडे ने, उपाशी मांजराचं लिव्हर बिघडतं. बोका असेल आणि पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून लघवी होत नसेल तर सकाळ व्हायची वाट बघू नको, रात्रीच ने. पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. आणि दूधपोळीवर मांजर वाढवायचा आईचा हिशोब चालणार नाही, तिच्या माहेरची मांजरं दूधपोळी खायची पण वर उंदीरही मारायची, फ्लॅटमधल्याला मांस-मासे किंवा कॅटफूड लागतंच, मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हार्ट जातं. बाल्कनीची जाळी मनीच्या शेवटच्या वर्षात ढिली झाली होती, ती आधी बदल. मनी उडी मारत नव्हती, हे मारेल.

माझ्याकडे सध्या एक बोका आहे, करडा, साधारण दोन वर्षांचा, डाव्या कानाचं टोक कापलेलं म्हणजे ऑपरेशन झालेला. पाणी थेट पीत नाही, पंजा बुडवून पंजा चाटतो, अर्धं पाणी फरशीवर. अनोळखी माणूस आलं की फ्रिजमागे जातो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आधी नुसत्या मिशा बाहेर काढतो. मांडीवर बसत नाही, शेजारी बसतो, आणि तिथेही मधे वीतभर जागा ठेवतो. मनीशी त्याचं काहीच जुळत नाही.

रविवारी दुपारी आईला घेऊन ये. कॅरिअर आणू नकोस, पहिल्या भेटीत मी कोणालाच मांजर देत नाही. तो बाहेर आला तर आला, नाही आला तर चहा पिऊन जा आणि पुढच्या रविवारी परत ये. आणि येताना मनीची उरलेली सलाइनची बाटली आणि न वापरलेल्या सुया घेऊन ये, सील उघडलं नसेल तर. इथे एका म्हाताऱ्या भाटीला रोज लागतायत.

तुझी,
ताई