१९व्या शतकातील युरोपात कला आणि राष्ट्रवाद यांचा नेमका संबंध काय होता?

ज्या समाजांना स्वतःचे राज्य नव्हते, त्यांच्या बाबतीत हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि मला त्यासाठी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे उदाहरण फार बोलके वाटते. चेक लोक तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आणि तिथे प्रशासन आणि उच्च शिक्षण यांवर जर्मन भाषेचे वर्चस्व होते. म्हणून चेक भाषेला हक्काचा, भव्य रंगमंच मिळावा यासाठी लोकांनी गावोगावी वर्गणी गोळा केली. १८६८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा रझिप डोंगरासारख्या, लोकांच्या मनात पवित्र मानल्या गेलेल्या स्थळांहून पायाचे दगड प्रागला आणण्यात आले. जून १८८१ मध्ये चेक संगीतकार स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने नाट्यगृह सुरू झाले आणि ऑगस्टमध्येच ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. तरीही वर्गणीचा असा ओघ लागला की नोव्हेंबर १८८३ मध्ये त्याच ऑपेराने ते पुन्हा उघडले. रंगमंचाच्या माथ्यावर ‘राष्ट्राने स्वतःसाठी’ अशा अर्थाचे शब्द झळकतात. अर्थात, याला निव्वळ साम्राज्यविरोधी बंड म्हणणे मला पटत नाही, कारण देणगीदारांत खुद्द सम्राट फ्रान्झ जोसेफही होता.