तीन आठवड्यांच्या ग्रीस स्टडी टूरमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं फिरणं होतं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की एस.वाय.ला इतिहास घेतलाय, कॉलेजची जूनमध्ये तीन आठवड्यांची टूर आहे, अथेन्स, डेल्फी, क्रीट आणि शेवटी थेस्सालोनिकी, खर्च भरपूर आहे आणि घरचे म्हणतायत एवढ्यात काय शिकणार, नंतर नवऱ्याबरोबर जा फिरायला. (हे वाचून हसूच आलं, आमच्याकडेही सेम डायलॉग होता.) वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतेय, राग मानू नकोस.

मी इंग्लंडला एमए करत होते तेव्हा युनिव्हर्सिटीच्या फील्ड कोर्सला गेले होते, साधारण याच रूटने. माझं मत विचारशील तर जा. पण "प्राचीन ग्रीस बघायला" म्हणून जाऊ नकोस, तो यूट्यूबवर जास्त छान दिसतो आणि तिथे गर्दीही नसते. तिकडे उभं राहिल्यावर जे कळतं ते वेगळंच आहे. हे जे काही प्राचीन म्हणून समोर दिसतंय ते आपोआप असं उरलेलं नाही, गेल्या दोनशे वर्षांत कोणीतरी ठरवलंय की हे ठेवायचं आणि हे पाडायचं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग आपल्याकडचे किल्ले, लेणी, म्युझियम काहीच पूर्वीसारखं बघता येत नाही.

पार्थेनॉनचंच घे, म्हणजे अथेन्सच्या ऍक्रोपोलिस टेकडीवरचं ते मोठं देऊळ. इ.स.पू. ४४७ ला काम सुरू झालं, अथेन्सचा नेता पेरिक्लीस, शिल्पकार फिडियस वगैरे सगळं तुझ्या सिलॅबसमध्ये असेलच. पण नंतर ते देऊळ कित्येक शतकं चर्च होतं, मग ऑटोमन काळात मशीद झालं, आणि १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने तोफा डागल्या तेव्हा तुर्कांनी आत दारूगोळा भरून ठेवला होता म्हणून ते उडालं. पुढे त्या पडक्या देवळाच्या आतच एक छोटी मशीद बांधली होती, १८३९ च्या एका फोटोवरून छापलेल्या चित्रात ती चक्क मधोमध दिसते. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर ती मशीद गेली, टेकडीवरची घरं गेली, प्रवेशाच्या बाजूला मध्ययुगातला एक उंच टॉवर होता तोही १८७५ मध्ये पाडला आणि त्याचा खर्च कोणी दिला तर श्लीमानने, हो, तोच, ट्रॉय शहर खोदून काढणारा. म्हणजे आज आपण जी निळ्या आकाशाखालची स्वच्छ पांढरी टेकडी बघतो ती एकोणिसाव्या शतकात साफसफाई करून तयार झालेली आहे. आमच्या सरांनी वर चढायच्या आधी हे सांगितलं आणि मग म्हणाले आता इथे काय दिसत नाहीये ते लिहून काढा. अर्धा तास सगळे उन्हात वही घेऊन बसलो होतो, शेजारून टुरिस्ट सेल्फी काढत जातायत आणि आम्ही नसलेल्या भिंती शोधतोय.

मग खाली ऍक्रोपोलिस म्युझियमला जायचं, २००९ मध्ये उघडलंय. वरचा मजला मुद्दाम पार्थेनॉनच्याच दिशेला वळवून बांधलाय आणि काचेतून समोर खरं देऊळ दिसतं. तिथे मूळ शिल्पं पिवळसर आणि जी लंडनला आहेत त्यांच्या प्लास्टरच्या प्रती पांढऱ्याफटक, दोन्ही शेजारी शेजारी लावलेत. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून ती काढायला सुरुवात केली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतली. एक शब्द न बोलता आख्खं म्युझियम "आमचं परत द्या" म्हणून भांडतंय असं वाटतं. मला ते पटलंही, फक्त हीच म्युझियमवाली मंडळी पाडलेल्या मशिदीबद्दल आणि टॉवरबद्दल किती बोलतात तेही बघ.

अगोराला, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजारचौकाला, मात्र निवांत वेळ ठेव, माझ्या मते अथेन्समधली सगळ्यात शिकण्यासारखी जागा तीच. १९३१ मध्ये अमेरिकन स्कूल या अभ्याससंस्थेने खोदायला सुरुवात केली तेव्हा तिथे माणसं राहत होती, व्रिसाकी नावाची आख्खी वस्ती होती, ती उठवली. मग १९५० च्या दशकात तिथे ऍटालसचा स्टोआ (खांबांची लांबलचक ओसरी) नव्याने उभा केला, आज त्यातच म्युझियम आहे. हा ऍटालस पर्गामॉनचा राजा, तरुणपणी अथेन्सला शिकायला होता असं सांगतात आणि पुढे शहराला ही इमारत भेट दिली, म्हणजे तुझ्याआधी फार लोक अथेन्सला शिकायला येऊन गेलेत. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो, त्याने स्वतः तिथे शिक्षण घेतलं, मग मुलालाही पाठवलं, आणि त्या मुलाच्या खर्चाचे पैसे कुठल्या भाड्यातून पाठवायचे याबद्दल मित्राला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. घरच्यांना सांग, बाप लोकांची काळजी दोन हजार वर्षं तीच आहे.

अगोराच्या म्युझियममध्ये ऑस्ट्राका बघायला विसरू नकोस. फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव खरडायचं, ६००० चा आकडा गाठला गेला की एकाला दहा वर्षं शहराबाहेर. ऐकायला लोकशाही एकदम कडक वाटते ना? पण ऍक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाचे १९० तुकडे सापडले आणि अक्षरं तपासली तर मोजून चौदाएक जणांची निघाली. म्हणजे आधीच लिहून तयार, फक्त वाटायचे बाकी होते. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय चालतं हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

डेल्फीबद्दल फार लिहीत नाही, जागा इतकी सुंदर आहे की अभ्यास होत नाही. फक्त दोन गोष्टी. अपोलोच्या देवळाच्या अवशेषांवर कास्त्री नावाचं गाव वसलं होतं, ते उचलून बाजूला हलवलं आणि मग १८९२ मध्ये फ्रेंचांनी मोठं उत्खनन सुरू केलं. आणि प्लॅटियाला ग्रीकांनी इराणी सैन्याला हरवल्यानंतर तिथे उभारलेला सापांचा ब्राँझचा खांब आता तिथे नाही, रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने तो आपल्या नव्या राजधानीत नेला, आज इस्तंबूलच्या चौकात उभा आहे. एल्गिनच्या कितीतरी आधीपासून हे धंदे चालू आहेत.

क्रीटला पिरायस बंदरातून रात्रीची फेरी असते, सकाळी हेराक्लिऑन. इथे एक सांगते, टूरवाले आधी क्नोसॉस (तिथला प्राचीन राजवाडा) आणि मग म्युझियम करतात, जमलं तर उलटं करा. म्युझियममध्ये भित्तिचित्रं नीट जवळून बघ, खरा मूळ तुकडा कधीकधी तळहाताएवढा असतो आणि बाकीचं सगळं विसाव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवून पूर्ण केलेलं. मग क्नोसॉसला जाऊन ते लाल खांब बघ. आर्थर इव्हान्सने १९०० पासून ते खोदलं आणि चक्क काँक्रीट ओतून मजले उभे केले. आमच्या ग्रुपमध्ये यावरून जोरदार वाद झाला होता, अर्धे म्हणत होते हा गुन्हा आहे, अर्धे म्हणत होते अहो पण नाहीतर कमरेएवढ्या भिंतींमध्ये लोकांना काय घंटा कळलं असतं. मी अजूनही कुंपणावरच आहे.

थेस्सालोनिकी शेवटी ठेवलंय ते फार छान केलंय, पण दिवस कमी दिसतायत, शक्य असेल तर सरांना सांगून एखादा वाढवून घ्या, त्यासाठी क्रीटचा एखादा दिवस कापला तरी चालेल. हे शहर १९१२ पर्यंत ऑटोमन होतं. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू इथे येऊन वसले आणि कित्येक शतकं बंदरावर त्यांची जुनी स्पॅनिश बोलली जायची. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत मुसलमान गेले, तुर्कस्तानातून ग्रीक निर्वासित आले, आणि १९४३ मध्ये नाझींनी ४० हजारांहून जास्त ज्यूंना ऑशविट्झला पाठवलं. आज तिथली युनिव्हर्सिटी जुन्या ज्यू कब्रस्तानाच्या जागेवर उभी आहे. कँटीनमध्ये कॉफी पिताना हे कळतं तेव्हा काही वेळ कोणी बोलत नाही. फाळणीचा इतिहास वाचलेल्या मुलीला हे शहर पार्थेनॉनपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं.

जायच्या आधीची तयारी म्हणून जाडजूड पुस्तकं आणू नकोस. एखाद्या रविवारी कार्ल्याला जा, चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणायचे) दान दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवलंय. कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा आहे, समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी. हे बघून गेलीस तर तिकडे नुसती ऐकत बसणार नाहीस, तुझ्याकडेही सांगायला काहीतरी असेल.

आता टूर बरी आहे की टुकार हे कसं ओळखायचं? कॉलेजला सरळ विचार की साइट रिपोर्ट आहेत का. म्हणजे प्रत्येकाला एकेक वास्तू वाटून दिलेली, तिची तयारी इथूनच करायची आणि तिथे उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बोलायचं. हे असेल तर पैसे वसूल. नसेल आणि शेड्युलमध्ये रोज नवीन हॉटेल, दुपारी शॉपिंग, संध्याकाळी "फ्री टाइम" असेल तर घरच्यांचं बरोबर आहे, ती ट्रिपच आहे.

बाकी बारीकसारीक. जून म्हणजे ऊन बेक्कार, उष्णतेची लाट आली तर दुपारी ऍक्रोपोलिस बंदही ठेवतात, त्यामुळे सकाळचा स्लॉटच घ्या, हल्ली वेळेचं तिकीट असतं. वरचा संगमरवर घासून गुळगुळीत झालाय, चपला नकोत, ग्रिप असलेले बूट घाल. शाकाहारी असशील तर उपाशी मरणार नाहीस, "निस्तीसिमो" काय आहे असं विचारायचं, म्हणजे उपवासाचं, त्यात मटण, अंडी, दूध काही नसतं, फक्त कोळंबी वगैरे चालते, तेवढं विचारून घे. भात भरलेले टोमॅटो, मोठ्या घेवड्याच्या बिया, आणि फावा म्हणून एक प्रकार मिळतो तो अगदी आपलं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह ऑइल. अथेन्समध्ये नळाचं पाणी चालतं, उगाच बाटल्या घेऊ नका.

व्हिसा शेंगेनचा लागेल, ३० हजार युरोचं इन्शुरन्स कव्हर कंपल्सरी आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंट पटकन भरतात, त्यामुळे कॉलेज ग्रुपची अपॉइंटमेंट घेतंय की प्रत्येकाने आपापली घ्यायची हे पहिल्यांदा क्लिअर करून घे, पैसे भरायच्या आधीच.